पहिली टँडम जंप ठरलीय, तयारी काय करू? आणि पुढे लायसन्सचा खर्च कसा बसवायचा?

निळाई_नेपरविल:
नमस्कार मंडळी, मी नेपरविलला असते, आयटीत, एच-वन-बीवर. पुढच्या महिन्यात ओटावाला (आपल्या इलिनॉयमधलं, कॅनडातलं नाही) टँडम स्कायडाइव्ह (म्हणजे इन्स्ट्रक्टरला बांधून मारायची उडी) बुक केलीय. 2018 साली स्कायडायव्हर शीतल महाजनांनी थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली ना, त्याचे फोटो पाहिले तेव्हापासून हे डोक्यात आहे. दोन गोष्टी विचारायच्यात. एक म्हणजे त्या दिवसाची तयारी, म्हणजे खाऊन जायचं की उपाशी, विमान उतरताना माझे कान खूप दुखतात त्याचं काय, आणि घरी आईला आधी सांगायचं की नंतर. दुसरं जास्त महत्त्वाचं. मला एकदा उडी मारून थांबायचं नाहीये, स्वतः एकटीने उडी मारायला शिकायचंय, लायसन्स घ्यायचंय. पण नाशिकच्या फ्लॅटचा हप्ता चालू आहे, घरी पैसे पाठवते, सगळं जाऊन महिन्याला 350 डॉलर बाजूला पडतात. तर महिन्याला एकदोन जंप असं हळूहळू करत गेले तर जमेल का?

वरचा_वारा:
आधी त्या दिवसाचं सांगतो. उपाशी अजिबात जाऊ नका, नेहमीचा नाश्ता करा, फक्त तेलकट आणि पोटभर नको. रिकाम्या पोटी आणि उन्हात वाट बघून चक्कर येते, लोकांना मळमळतं ते बऱ्याचदा पॅराशूट उघडल्यावर गिरक्या घेताना, फ्रीफॉलमध्ये (पॅराशूट उघडायच्या आधी नुसतं पडताना) नाही. आणि वाट बघावी लागतेच, ढग खाली आले किंवा वारा वाढला की सगळं थांबतं, तेव्हा त्या दिवशी संध्याकाळचा दुसरा कुठलाच कार्यक्रम ठेवू नका. लेसवाले घट्ट बूट, अंगासरशी कपडे, केस घट्ट बांधून, कानातले गळ्यातले घरीच. कानाचं म्हणाल तर नाक दाबून हलकेच हवा कानाकडे ढकलायची, ते पॅराशूट उघडल्यानंतर करायचं कारण तेव्हा पाचसात मिनिटं मिळतात. सर्दी किंवा सायनस भरलेला असेल तर मात्र सरळ तारीख बदला, 13-14 हजार फुटांवरून काही मिनिटांत खाली येताना बंद नाकाने कान फार त्रास देतात.

उडीत तुमच्याकडे कामं दोनच. दारातून निघताना कंबर पुढे, डोकं मागे, पाय गुडघ्यात मागे दुमडलेले, म्हणजे अंग धनुष्यासारखं ताणायचं, त्याला आर्च म्हणतात. आणि उतरताना इन्स्ट्रक्टर सांगेल तेव्हा दोन्ही पाय पुढे उचलून धरायचे. हे दुसरं घरी खुर्चीत बसून करून बघा, हातांनी मांडीखाली धरून पाय वर, कारण पाय लवकर खाली सोडल्याने घोटे दुखावतात. फ्रीफॉल जेमतेम मिनिटभराचा, ताशी 190-200 किमीचा वेग, पण पोटात गोळा वगैरे येत नाही, कारण विमान आधीच वेगात असतं. श्वास अडकल्यासारखं वाटलं तर मोठ्याने ओरडा, ओरडायला श्वास सोडावा लागतो म्हणजे पुढचा आपोआप घेतला जातो.

आणि तुम्हाला शिकायचंच आहे तर बुकिंगच्या वेळीच सांगा. मग इन्स्ट्रक्टर हातावर अल्टिमीटर बांधून देतो, उंची वाचायला लावतो, साधारण साडेपाच हजार फुटांवर पॅराशूट ओढायलाही देतो. काही ठिकाणी ही जंप ट्रेनिंगमध्ये धरतात, विचारून घ्या.

हिशेबी_कोल्हापूरकर:
ताई, पैशाचं मी सांगतो, हळूहळूचा मार्ग घेऊ नका. कळकळीने सांगतोय. विद्यार्थ्याचा 30 दिवसांचा खंड पडला की पुढे जायच्या आधी पुन्हा उजळणी आणि इन्स्ट्रक्टरसोबत जंप करावी लागते, त्याचे पैसे वेगळे. महिन्याला एक करत बसलात तर निम्मे पैसे मागचं आठवण्यात जातील आणि भीती प्रत्येक वेळी नव्याने येते ती वेगळीच.

एएफएफ कोर्सचं, म्हणजे एकट्याने उडी मारायला शिकवतात त्या कोर्सचं, असं असतं की आधी सहासात तासांचा ग्राउंड स्कूल, मग सातआठ लेव्हल, पहिल्या लेव्हल्सना दोन इन्स्ट्रक्टर दोन्ही बाजूंनी धरून असतात, पॅराशूट तुम्हीच उघडता आणि उतरताना रेडिओवर सांगतात. त्यानंतर कोचबरोबरच्या जंप, अशा एकूण 25 झाल्या की यूएसपीएचं (ही अमेरिकेतली स्कायडायव्हिंगची संघटना) पहिलं म्हणजे ए लायसन्स, त्यात स्वतः पॅराशूट पॅक करता येणं आणि पाच वेळा ठरलेल्या जागेच्या 20 मीटरच्या आत उतरणं हेही येतं. सगळं मिळून साडेतीन ते चार हजार डॉलर धरा आणि त्यात एकदोन लेव्हल परत कराव्या लागतील हे गृहीतच धरा, एकेक 200 च्या वर जाते.

आता तुमचं गणित बघा. सप्टेंबरपासून 350 टाकलेत तर मेपर्यंत 3,150 होतात, तसंही थंडीत इथली ड्रॉपझोन (उड्या मारायची जागा) बंदच असते, आणि एप्रिलपर्यंत टॅक्स रिफंड आला तर तो त्यात घाला. मग मे-जूनमध्ये सलग वीकेंड धरून पूर्ण करा. मधल्या काळात खर्च करायचाच तर नेपरविलच्या आयफ्लायमध्ये (खालून जोराचा वारा सोडून हवेत तरंगवतात तो टनेल) कोचबरोबर दहापंधरा मिनिटं घ्या, एएफएफच्या तोंडावर, म्हणजे एप्रिलमध्ये. तिथे अंग स्थिर ठेवायला शिकलं की लेव्हल परत करायची वेळ कमी येते. त्याहून जास्त टनेल आत्ता नको, तिथे पॅराशूट शिकता येत नाही.

क्रेडिट कार्डावर तर मुळीच करू नका. पैशाचं टेन्शन घेऊन विमानात बसलं की वारा जास्त असताना "आज नको" म्हणणं जड जातं, आणि हे म्हणता येणं या खेळात सगळ्यात जास्त लागतं.

उडता_सातारी:
+1. आणखी एक, ड्रॉपझोनवर पॅकिंग करून जंपचे पैसे काढता येतात, बरेच अमेरिकन विद्यार्थी तेच करतात, ते शिकून घ्या.

हिशेबी_कोल्हापूरकर:
सातारी, त्या एच-वन-बीवर आहेत. दुसऱ्यांची पॅराशूट पैसे घेऊन पॅक करणं म्हणजे परवानगीशिवाय काम, आणि पैशाऐवजी फुकट जंप घेतली तरी तो मोबदलाच झाला. व्हिसाला धक्का लागेल असं काही करू नका ताई. स्वतःचं पॅकिंग मात्र जरूर शिका, भाड्याच्या रिगवर (पॅराशूटचा पाठीवरचा पूर्ण संच) प्रत्येक जंपचे आठदहा डॉलर वाचतात आणि लायसन्सला लागतंच.

उडता_सातारी:
हे लक्षात आलं नव्हतं, बरोबर आहे.

मीरा_कोथरूड:
आईबद्दल माझं मत, आधी सांग. माझी मुलगी नारनौलला, हरियाणात, टँडम करून आली, आधी सांगून गेली, मी रात्रभर झोपले नाही हे खरं, पण नंतर कळलं असतं तर विश्वास गेला असता. तिने मला घाबरू नकोस असं नुसतं म्हटलं नाही, कसं चालतं ते सांगितलं. दोन पॅराशूट असतात, त्यातलं दुसरं पॅराशूट लायसन्स असलेला माणूसच पॅक करतो, आणि कुणीच काही केलं नाही तरी एक यंत्र असतं ते ठरावीक उंचीवर आपोआप दुसरं पॅराशूट उघडतं. एवढं कळल्यावर मी निदान प्रश्न विचारू शकले. धोका नाही असं मात्र सांगू नकोस, आईला ते कळतं.

वरचा_वारा:
मीराताई एकदम बरोबर. आकडा हवा असेल तर 2023 मध्ये अमेरिकेत साडेछत्तीस लाखांच्या आसपास जंप झाल्या आणि 10 मृत्यू. आणि निळाई, इन्शुरन्सचे कागद वाचा, ऑफिसचा आणि भारतात टर्म प्लॅन असेल तर तोही, अनेक पॉलिसीत असे खेळ वगळलेले असतात. हप्ता चालू असताना हे आधी बघायचं.

निळाई_नेपरविल:
खूप आभार सगळ्यांचे. आईला या रविवारी सांगते, आणि सप्टेंबरपासून वेगळं खातं काढून पैसे टाकायला लागते, मेमध्ये सुरू. शेवटचं एक, जुना रिग स्वस्तात मिळतोय असं एका ओळखीच्याने सांगितलं, आत्ता घेऊन ठेवू का?

वरचा_वारा:
आत्ता नको. शिकताना मोठी पॅराशूट लागतात आणि ती शाळेच्या फीमध्येच येतात. लायसन्सनंतरही थोडे दिवस भाड्याने घ्या, मग इन्स्ट्रक्टर साइज सांगेल. रिकाम्या मैदानात अगदी चांगली उघडलेली पॅराशूट असतानाही लोक जखमी होतात ते बऱ्याचदा फार लहान पॅराशूट फार लवकर घेतल्यामुळे. घ्यायची वेळ येईल तेव्हा पैसे द्यायच्या आधी रिगरकडून, म्हणजे दुसरं पॅराशूट पॅक करणाऱ्या त्या लायसन्सवाल्याकडून, तपासून घ्या, आणि ते आपोआप उघडणारं यंत्र, एएडी, त्याची तारीख बघा. त्याला ठरावीक आयुष्य असतं, आणि जुना रिग स्वस्त दिसतो तो पुष्कळदा त्याची मुदत संपत आलेली असते म्हणून. नवीन एएडी हजार डॉलरच्या वर जातं.