कठडे देवळांवरही आहेत

फुगीर खांबुटल्यांचे कठडे म्हणजे चर्च आणि बड्या पोर्तुगीज घरांचंच वैभव, असं गोव्यातल्या जुन्या इमारतींबद्दल बोलताना एकांनी लिहिलंय. पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चच्या नागमोडी पायऱ्या आणि त्यांचे पांढरेशुभ्र कठडे डोळ्यांसमोर असले की तसं वाटणारच. पण फोंडा तालुक्यात या. मंगेशीच्या देवळाच्या घुमटाखालचा अष्टकोनी मजला नीट पाहा, तिथेही तोच कठडा! पंधराव्या शतकात इटलीत रुळलेला हा आकार थेट कळसाखाली नेऊन बसवला, यात मला गोव्याच्या गवंड्यांची मोठी हिंमत दिसते. कवळ्याचं शांतादुर्गेचं देऊळही (१७३८, साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या काळातलं) याच देशी-युरोपीय मिश्र घडणीचं.

मला खरी काळजी दुरुस्तीची आहे. आपला चिरा, म्हणजे जांभा दगड, सच्छिद्र, त्यामुळे त्यावर बारीक नक्षी टिकत नाही. खांबुटलीची गोलाई आणि तिचा निमुळता गळा चुन्याच्या गिलाव्यात काढावा लागतो. त्यावर सिमेंट थापलं की पावसाळ्यातली ओल आतच कोंडते आणि गिलावा पोपडे धरून सुटतो. साच्यातल्या तयार खांबुटल्या तर जुन्या प्रमाणाशी जुळतच नाहीत. तुमच्या गावात जीर्णोद्धार निघाला तर समितीकडे चुन्याच्या कामाचा आग्रह धरा, आणि तोही काम सुरू होण्याआधी.