मॅनेजरने टीमला सांभाळायचं की क्रमवारी लावायची?

हिंजवडीकर: एप्रिल आला की ऑफिसात अप्रेझलचे वारे वाहू लागतात. माझं मत ठाम आहे: बेल कर्व्ह, म्हणजे प्रत्येक टीममध्ये ठरावीक जणांना वरचं, मधलं आणि खालचं रेटिंग द्यायचंच हा नियम, बंद करा. दहा जणांच्या टीमने रात्री जागून रिलीज वेळेत दिलं, तरी एकाला खालचं रेटिंग द्यायचंच, कारण वरून कोटा आलाय. मग मॅनेजर कारण शोधतो आणि ‘व्हिजिबिलिटी कमी पडली’ म्हणून मोकळा होतो. ज्याला हे ऐकावं लागतं, तो पुढच्या वर्षी शेजारच्याला मदत का करेल? मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये सक्तीची क्रमवारी बंद केली, तेव्हा टीमवर्कचंच कारण पुढे केलं होतं.

शॉपफ्लोअर: अजिबात पटलं नाही. मी चाकणला कारखान्यात आहे. कर्व्ह काढला की सगळ्यांना सरसकट ‘चार’ रेटिंग. पगारवाढीची रक्कम मात्र तेवढीच. मग साहेबांच्या मर्जीतल्याला जास्त मिळते. कोटा असला की निदान कारण लेखी द्यावं लागतं.

हिंजवडीकर: मर्जीतले कर्व्हमध्येही वरच असतात. खाली जाते नवीन आलेली, नाहीतर बाळंतपणाच्या रजेवरून परतलेली. गूगलने ‘प्रोजेक्ट ऑक्सिजन’ या आपल्याच मॅनेजरांवरच्या अभ्यासात चांगल्या मॅनेजरांचे आठ गुण काढले. त्यात चांगला कोच असणं पहिलं आणि तांत्रिक ज्ञान शेवटचं होतं. दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाशी अर्धा तास बोला. काम कुठे अडलंय, कोणाची मंजुरी हवी आहे, एवढं विचारलं तरी खूप झालं.

टीएल_ताई: माझ्याकडे चौदा जण आहेत. अर्ध्या तासाने सात तास होतात, म्हणजे जवळजवळ अख्खा दिवस. टाइमशीटमध्ये तो कुठे दाखवू? क्लायंटला त्याचं बिल लागत नाही आणि माझं रेटिंग डिलिव्हरीवर ठरतं. माणसं सांभाळा म्हणणाऱ्यांनी आधी टीम आठ-नऊ जणांची करावी.

शॉपफ्लोअर: ताई, हे शंभर टक्के खरं. आमच्याकडे शिफ्टच्या सुरुवातीची दहा मिनिटं सुपरवायझर आणि कामगारांची, ती पगारी वेळेतच धरलेली. कालचं रिजेक्शन (नापास झालेला माल), मशीनची तक्रार, सगळं फळ्यावर लिहिलं जातं आणि निकाली निघेपर्यंत पुसत नाहीत. पण हिंजवडीकर, पगारवाढ कशी वाटायची ते राहिलंच.

हिंजवडीकर: एकट्या मॅनेजरने नाही. तीन-चार टीमच्या मॅनेजरांनी वर्षभराच्या नोंदी समोर ठेवून एकत्र ठरवावं. रक्कम विभागाला ठरवून द्या, टीमवर कोटा लादू नका.

टीएल_ताई: अशा बैठकांना मी बसते. जो मोठ्या आवाजात बोलतो, त्याच्या टीमला जास्त मिळतं. नोंदी दोन दिवस आधी सगळ्यांना वाचायला मिळणार असतील, तरच माझा पाठिंबा.