चर्चा धागा: गाव 'वसवलं' कोणी? वेशीवरच्या फलकावरून

पांढरीची माती (धागालेखक)

तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींची नगरपंचायत करायचं सरकारने २०१४ साली ठरवलं, त्या लाटेत आमचं गावही आलं. आता वेशीवर कमान होतेय. कमानीशेजारी संगमरवरी फलक लागणार: 'हे गाव अमुक पाटील घराण्याने वसविले', खाली साल. साल आणलं कुठून म्हणून विचारलं, तर उत्तर आलं, "पहिल्यापासून तेच सांगतात."

माझा आक्षेप घराण्याला नाही, 'वसविले' या शब्दाला आहे. दख्खनच्या पठारावर एका माणसाने एका साली गाव वसवलं असं क्वचितच घडलं. इथली गावं बसली, उठली, पुन्हा बसली. रानाला आपण काळी म्हणतो आणि वस्तीला पांढरी. ही पांढरी कशाने झाली? चुलींची राख, पडक्या भिंतींची माती, शेण, कचरा, पिढ्यान्‌पिढ्या एकावर एक साचत गेलं. घराचा पाया खणला की खापऱ्या निघतात, हे आमच्याकडे पोरालाही माहीत आहे.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ तिथे उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास तिथे शेतकरी येऊन राहिले होते. चौकोनी घरं, धान्याचं कोठार, पाणी वळवायला पाट, सगळं होतं. पुढे दिवस फिरले, पाऊसमान घटलं असं संशोधक मानतात, आणि शेवटच्या काळात लोक छोट्या गोल झोपड्यांत राहू लागले. इ. स. पूर्व ७०० च्या आसपास वस्ती उठली. त्या लोकांचा फलक कुठे लावायचा?

एवढं मागे जायचं नसेल तर दुर्गादेवीचा दुष्काळ घ्या. परंपरेने तो १३९६ पासून बारा वर्षांचा सांगतात. मुलूख इतका ओस पडला, की बहमनी अमलात जमीन पुन्हा लागवडीला आणताना जुन्या शिवाही कुणाला आठवेनात. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने नोंदवलंय, की परत येणाऱ्यांना पहिल्या वर्षी सारा माफ आणि दुसऱ्या वर्षी बिघ्याला तोबराभर (घोड्याच्या चंदीची पिशवी भरून) धान्य. ओस गावाला महसुली कागदात शब्दही आहे: बेचिराग. दिवा न लागणारं. शब्द मुद्दाम ठेवावा लागला, म्हणजे अशी गावं थोडीथोडकी नसणार.

वाड्यावरचा

राख म्हणजे वस्ती झाली, गाव नव्हे. चार झोपड्या कुठेही पडतात. गावाला शीव लागते, चावडी लागते, बलुतेदार लागतात आणि सरकारात जबाब देणारा एक माणूस लागतो.

तुम्ही ज्याला नुसतं 'पुन्हा बसणं' म्हणता ते आपोआप होत नसे. कुणीतरी कौल, म्हणजे सवलतीने जमीन लावायचा सरकारी करार, घ्यायचा. पहिली काही वर्षं सारा हलका, मग दरसाल चढता, ज्याला इस्तावा म्हणत. त्या मुदतीत रान मोडायचं, कुळं आणायची, सुतार-लोहारांना बलुत्याचा शब्द द्यायचा, बैल-बियाणं उभं करायचं. पीक बुडून सारा थकला तर तगादा पाटलाच्या दारी, प्रसंगी कैदही त्यालाच. हा धोका ज्याने पत्करला त्याचं नाव दगडावर आलं तर इतकं काय बिघडलं?

पुण्याचंच घ्या. १६३० च्या सुमारास आदिलशाही फौजेने कसबा उद्ध्वस्त केला. शहाजीराजांच्या जहागिरीत, दादाजी कोंडदेवांच्या कारभारात तो पुन्हा उभा राहिला. त्याचं श्रेय आपण देतोच ना? मग खेड्यातल्या पाटलाला दिलं की पोटात का दुखतं?

पांढरीची माती

पोटात काही दुखत नाही, साहेब. उदाहरण मात्र माझ्याच पदरात पडलं. पुण्याचं नाव आठव्या शतकातल्या राष्ट्रकूट ताम्रपटांत आहे. शहाजीराजांनी पुणं वसवलं असं म्हणत नाहीत, पुन्हा वसवलं म्हणतात. मीही तेवढंच मागतोय.

थळझाडा

दोघांनाही एक कागद सुचवतो, माझं नावच त्याच्यावरून आहे. जुन्या दप्तरांत गावाचा थळझाडा असतो. गावची जमीन थळांत वाटलेली, आणि एकेक थळ एकेका कुळाच्या नावाने. मजा अशी, की माणसं गेली तरी थळाचं नाव सहसा बदलत नसे. कसणारा दुसराच, नाव मात्र दोनशे वर्षांपूर्वी निर्वंश झालेल्या किंवा परागंदा झालेल्या घराचं. अशा जमिनीला म्हणतात गतकुळी.

ज्या गावात गतकुळी थळं निघतील, तिथे आजच्या जुन्या घराण्यांच्या आधी कोणीतरी होतं हे त्याच घराण्यांच्या दप्तरातून सिद्ध होतं. त्यांची आडनावं आता गावात कोणाचीच नाहीत. कधी एखाद्या शेताच्या नावात उरतात, आणि नांगरणाऱ्याला वाटतं ते शेताचंच नाव.

जाता जाता: 'उपरा' ही आज शिवी झालीय. कागदात 'उपरी' म्हणजे फक्त मिरास (जमिनीवरचा वंशपरंपरागत हक्क) नसलेला, कराराने जमीन कसणारा. मिरासदार आणि उपरी हा हक्काचा फरक होता, जातकुळीचा नव्हे. उपरी पुढे मिरास विकत घेई, आणि त्याची नातवंडं दुसऱ्याला उपरा म्हणायला मोकळी!

कुर्डुवाडीकर

काळी-पांढरी, मिरास-बिरास ठीक. आमच्या गावाला यातलं काही लागू नाही. जुनं गाव कुर्डू, आम्ही त्याची वाडी. मग रेल्वे आली, १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी लाइन सुरू झाली, आणि वाडी गावापेक्षा मोठी झाली. स्टेशनचं नावसुद्धा आधी बार्शी रोड. फिटर आले, फायरमन आले, हमाल आले, चहावाले आले. आमचे पणजोबा कुठून आले यावर घरातच दोन मतं आहेत. आमच्या वेशीवर फलक लावायचा तर इंजिनाचं चित्र काढा.

वाड्यावरचा

बघा, तुमच्याकडेही 'कोणी' आहेच. कंपनी आहे, साल आहे. मग आमच्याकडेच असू नये असा आग्रह का?

कुर्डुवाडीकर

कंपनीने रूळ टाकले हो. गाव चहावाल्याने केलं.

येसकर

एक गोष्ट कोणी काढली नाही म्हणून लिहितो. दोन गावांत शिवेचा तंटा झाला की शीव दाखवायला कोणाला उभं करत? महाराला. डोक्यावर माती घेऊन, दिव्य म्हणून, तो शीव चालायचा, आणि तो चालेल ती रेघ खरी. वाड्यावरचे म्हणतात शीव हवी तेव्हा गाव होतं. मग शीव ज्याच्या पायांना ठाऊक, तो गावाचा कोण? त्याचं घर मात्र वेशीबाहेर.

वतन पाटलालाही होतं, महारालाही होतं. पाटलाच्या वतनाचा मान झाला, महाराच्या वतनाची वेठ झाली. दिवसरात्र सरकारी आणि गावकीचं काम, मोबदल्यात तुकडाभर जमीन आणि हक्काची भाकर. ते वतन सुधारावं म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणलं. कायद्याने ती वतनं गेली १९५८ च्या कायद्यानंतर. आमच्या आजोबांना तो दिवस सुटका वाटला होता. म्हणून फलकावर आमचंही नाव घाला असं मी म्हणणार नाही. ज्या व्यवस्थेतून बाहेर पडायला इतकी वर्षं लागली, तिच्या स्थापनेचं श्रेय कशाला घ्यायचं? पण 'अमक्याने वसविले' हे वाचत रोज त्या कमानीखालून जायचं, तेही नको.

वाड्यावरचा

येसकर, तुमचं म्हणणं नाकारत नाही. शिवेची गोष्ट आमच्या आजोबांच्या तोंडूनही ऐकलीय. मी जबाबदारीबद्दल बोलत होतो, तुम्ही हिशेबाची दुसरी बाजू मांडलीत.

सासुरवाशीण

वाचतेय कधीची. पाटील, मिरासदार, फिटर, फायरमन, सगळे बाप्येच. गावातली निम्मी माणसं तर लग्न करून बाहेरून आलेली असतात! माझ्या सासूबाई एका तालुक्यातल्या, त्यांच्या सासूबाई नदीपलीकडच्या, मी तिसरीकडची. आमच्या घराचं 'मूळ' मोजायचं तर दर पिढीला गाव बदलतं. गावदेवीला पहिला नैवेद्य कसला, परसात भाजी कोणती, पोरांची बोली कशी, यातलं बरंच आम्ही बरोबर आणलेलं. नवऱ्याच्या घरचे मात्र 'आम्ही इथले सात पिढ्यांचे'. असाल बाई. सातांतल्या प्रत्येक पिढीची आई कुठली होती तेवढं विचारा, चारच्या पुढे कोणाला सांगता येत नाही.

थळझाडा

ताई, कागदांतही हीच अडचण. वंशावळ्यांत 'अमक्याची स्त्री' असते, नाव नसतं. माहेर तर नाहीच.

बुडीत क्षेत्र

आमच्या गावाचा जन्म मी सांगू शकतो, कारण आधीच्या गावाचा मृत्यू वडिलांनी पाहिला. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. आमचं जुनं गाव पाण्यात. नवं गावठाण मोजणीदाराने आखलं, प्लॉट क्रमांक टाकून. चिठ्ठ्या टाकून वाटप, त्यामुळे शेजारी बदलले. आयुष्यभर ज्यांचं पटलं नाही ते भिंतीला भिंत लावून, आणि सख्खे भाऊ गावाच्या दोन टोकांना. एका कचेरीत वडिलांनी दाखल्यासाठी किती खेटे घातले त्याचा हिशेब नाही.

धरणाचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, तेव्हा लोक फोटो काढायला जातात. आमच्यातले म्हातारे बघायला जातात ते वेगळं. कुठे ओटा होता, कुठे चिंच होती, काठीने दाखवतात.

आता वाड्यावरच्या साहेबांना विचारतो. कौल, शीव, जबाबदार माणूस, सगळं धरून आमचं गाव कोणी 'वसवलं'? मोजणीदाराने? पाटबंधारे खात्याने? तुमच्या व्याख्येत तेच बसतात.

वाड्यावरचा

नाही. तुमचं गाव तुमच्या वडिलांच्या पिढीने वसवलं. एवढं मान्य करायला मला जड जात नाही.

माझ्या बाजूचंही सांगून टाकतो, लपवून काय उपयोग. हा वाद सुरू झाल्यावर काल पेटीतला कौलनामा काढला. आम्ही त्यावरूनच फुशारकी मारतो. एका मोडी जाणणाऱ्या स्नेह्याला फोटो पाठवले. मजकुराचा सारांश त्यांनी कळवला: मौजे ओस पडली आहे, ती लावणीस आणावी, म्हणून हा कौल.

पांढरीची माती

म्हणजे मौजे आधी होतीच! नाव होतं, शीव होती, फक्त दिवे नव्हते.

वाड्यावरचा

थांबा, इतक्यात पेढे वाटू नका. ओस पडलेलं गाव लावणीस आणणं ही काय लहान गोष्ट आहे? आमच्या पूर्वजाने ते केलं, सरकारी कागद आहे. नाव राहणार. 'वसविले' च्या आधी 'पुन्हा' घालायला मी पंचायतीत सुचवतो, तेवढं तुमचं.

येसकर

आणि साल?

वाड्यावरचा

साल कौलाचं टाकू. पण ते वर्ष फसली आहे का सुहूर, या दोन जुन्या कालगणनांपैकी कोणत्या, यावर स्नेह्यांना खात्री नाही. थळझाडा, तुम्ही बघाल का? फोटो निरोपात पाठवतो. एका कोपऱ्याला कसर लागलीय, नेमका आकडा तिथेच आहे.

थळझाडा

पाठवा. कागदाच्या पाठीमागचाही फोटो काढा, तिथे बहुतेक वेळा तारीख पुन्हा लिहिलेली असते.

कुर्डुवाडीकर

तोवर संगमरवरवाल्याला थांबवा. कोरलेला दगड परत घेत नाहीत.