मदत हवी आहे: पाच जिन्नसांच्या पुस्तकातली एकही डाळ शिजत नाहीये

पानोपानी
लवकर उत्तर हवं आहे. पाच किंवा त्याहून कमी जिन्नसांच्या साध्या पाककृतींचं एक पुस्तक मी पहिल्या पानापासून ओळीनं करत चाललोय. पोहे, उपमा, भाताचे प्रकार, बटाटा, पिठलं, सगळं नीट झालं. डाळी-कडधान्यांचा भाग सुरू झाला आणि गाडी अडली. पुस्तकात तीन शिट्ट्या लिहिल्यात, मी सहा-सात करतोय, तरी डाळ कणीदार राहते. पाणी वेगळं, डाळ वेगळी. कुकर चांगला आहे, डाळही चांगली आहे, त्यामुळे ते सांगू नका. पान सोडून पुढे जायचं नाहीये. वडिलांचे दात काढलेत, कवळी बसायला वेळ आहे, त्यांना गुरगुटी डाळच लागते. रोज दूधभातावर किती दिवस ठेवणार? काय करू?

शिट्टीबहाद्दर
कुकरची रिंग बदला. दहातल्या नऊ वेळा रिंगच असते. आणि शिट्ट्या मोजणं आधी बंद करा. शिट्टी म्हणजे जादा वाफ बाहेर गेली, एवढंच. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं ठेवा. मोठ्या आचेवर सात शिट्ट्या पाच-सहा मिनिटांत होतात, त्यात डाळीला वेळच मिळत नाही.

पानोपानी
रिंग नवी आहे. याच कुकरमध्ये भात फुलतो, बटाटे फुटतात. कुकर सोडून बोला.

जुळे_सोलापूरची_ताई
डाळ कुठली, किती वेळ भिजवता, सोबत काय काय घालता, काहीच लिहिलेलं नाही. पाककृती तरी लिहा.

पानोपानी
सध्या अडलोय त्या पानावर चिंच-गुळाची आमटी आहे. तूरडाळ, चिंच, गूळ, हिरवी मिरची, कोथिंबीर. झाले पाच. हळद, मीठ, तेल, पाणी हे पुस्तक मोजत नाही. कोथिंबीर वरून, बाकी सगळं एकदम कुकरमध्ये. एका भांड्यात सगळं, हीच या पुस्तकाची पद्धत आहे. भिजवायला सांगितलेलं नाही.

अक्कलकोट_नाका
मीठ आणि तेल मोजायचं नाही, मग ते पाच जिन्नस कसले? फोडणीतच मोहरी, जिरं, हिंग, हळद, कढीपत्ता आले. म्हणजे फोडणी घातली की पुस्तक संपलं. असली पुस्तकं वाचकाला फसवतात.

कडक_भाकरी
फसवत नाहीत. घरात कायम असतं ते मोजायचं नाही, एवढाच नियम आहे, आणि तो प्रस्तावनेत लिहिलेला असतो. पण कमी जिन्नसांचं पुस्तक सोलापुरात विकत आणायची वेळ का यावी, याचं मला वाईट वाटतं. आपली शेंगाची चटणी बघा. भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ. उखळात तेल सुटेपर्यंत कुटायची. तेल बाहेरून घालायचंच नाही, शेंगदाण्याचंच सुटतं, आणि त्यामुळेच ती अशी चिकट, ओलसर लागते. मिक्सरमध्ये करायची तर थांबून थांबून फिरवा. सलग फिरवली की भांडं तापतं आणि चटणीचा लगदा होतो. भाकरीला तर ज्वारीचं पीठ आणि पाणी, दोनच जिन्नस. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही.

पानोपानी
चटणी विचारली नाहीये. वडिलांना दात नाहीत, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी कशी देऊ?

कडक_भाकरी
ताजी मऊ भाकरी दुधात कुस्करून द्या. पीठ उकळत्या पाण्यात मळा, ज्वारीला चिकटपणा नसतो, तो गरम पाण्यानंच येतो. नाहीतर ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून द्या. माझ्या वडिलांना शेवटची दोन वर्षं मी तेच दिलं आणि त्यांनी ते आवडीनं खाल्लं.

जुळे_सोलापूरची_ताई
कण्यांचं चांगलं सांगितलंत. पण मूळ प्रश्नाकडे येऊ. पानोपानी, चिंच आधी घालू नका. आंबट पाण्यात डाळ शिजत नाही, हे आमच्या घरात सात वर्षांच्या मुलीलाही माहीत असतं. टोमॅटो, कोकम, आमसूल, काहीही असो, डाळ घोटल्यावरच. पुस्तक लिहिणाऱ्याला भांडी कमी करायचीत म्हणून डाळीचा स्वभाव बदलत नाही.

पानोपानी
ताई, पण ही आमटी मागच्या वर्षी कोल्हापूरला असताना मी अशीच केली होती. हेच पान, हाच कुकर, चिंच आधीच. तीन शिट्ट्यांत मऊ झाली होती. आणि पुढच्या पानावरच्या अख्ख्या मसुरात चिंच नाही, टोमॅटो नाही, तरी तेही टचटचीत राहिले.

शिट्टीबहाद्दर
कोल्हापूरचं पहिल्यांदाच सांगताय. बदली झाली का?

पानोपानी
हो, उन्हाळ्यात सोलापूरला आलो. विजापूर रोडला भाड्यानं राहतो. त्याचा डाळीशी काय संबंध?

अक्कलकोट_नाका
संबंध आहे. उंची. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, त्यामुळे डाळ शिजायला वेळ लागतो. महाबळेश्वरला गेलात की कळेल.

साखरपेठ_मास्तर
उंचीचा मुद्दा इथे लागू होत नाही. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटरवर आहे आणि कोल्हापूर साडेपाचशेच्या आसपास, म्हणजे उलट कोल्हापूरच उंच. दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू जेमतेम एक अंशानं उतरतो, आणि कुकरच्या दाबाखाली पाणी १२० अंशांच्या आसपास जातं. तिथे शंभर मीटरच्या फरकानं डाळ अडत नाही.
मी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचो. मला दोन गोष्टी सांगा. स्वयंपाकाला पाणी कुठलं वापरता? आणि चहाच्या भांड्याच्या किंवा किटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो का?

पानोपानी
पाणी नळाचंच.

साखरपेठ_मास्तर
नळातून येतं ते कळलं. त्या नळात कुठून येतं?

पानोपानी
वरच्या टाकीतून. घरमालकांना विचारलं, टाकीत बोअरचं पाणी चढवतात. नळाचं गोडं पाणी येतं तेव्हा खालच्या हौदात भरतात, ते मी वर आणत नाही. प्यायला जार घेतो. पांढरा थर बसतो, किटली आतून खडूसारखी झालीय. ती स्वस्तातली होती म्हणून असेल असं वाटलं.

साखरपेठ_मास्तर
किटलीचा दोष नाही. बोअरचं पाणी जड आहे. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. डाळीच्या पेशी एकमेकींना पेक्टिननं चिकटलेल्या असतात, डाळ शिजते म्हणजे हे पेक्टिन विरघळून पेशी सुट्या होतात. जड पाण्यातलं कॅल्शियम पेक्टिनला धरून बसतं आणि ते विरघळू देत नाही. तांदूळ-बटाटा मुख्यतः पिठूळ, स्टार्चचे, म्हणून त्यांना फारसा फरक पडत नाही आणि तुमचा संशय कुकरवर गेला नाही, ते बरोबरच होतं. आंबटपणाही हेच करतो, पेक्टिन सहज सुटू देत नाही. कोल्हापूरला पाणी मऊ होतं, त्यामुळे चिंच घालूनही भागलं असावं. इथे दोन्ही एकत्र आले.

होटगी_रोड
एवढं कशाला? चिमूटभर खायचा सोडा टाका, दोन शिट्ट्यांत लगदा. हॉटेलवाले तेच करतात.

जुळे_सोलापूरची_ताई
सोडा अजिबात नको. डाळीला साबणासारखी चव येते आणि जीवनसत्त्व जातं.

होटगी_रोड
चिमूटभरानं काही चव येत नाही ताई. आमच्याकडे हरभरा, हुलगा सगळं सोड्यावरच शिजतं, कुणी नाव ठेवलेलं नाही. मास्तर, तुम्हीच सांगा, सोड्यानं मऊ होतं की नाही?

साखरपेठ_मास्तर
होतं. पाणी अल्कधर्मी झालं की पेक्टिन लवकर सुटतं. पण ताईंचंही खरं आहे, अल्कधर्मी पाण्यात शिजवताना ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. आणि सोडा म्हणजे सोडियम. पानोपानी, वडिलांना रक्तदाब आहे का?

पानोपानी
आहे. गोळी चालू आहे. मीठ कमी करायला सांगितलंय.

जुळे_सोलापूरची_ताई
मग विषय संपला. ही माहिती पहिल्याच ओळीत हवी होती रे.

गड्डा_यात्री
मी कधीपासून वाचालोय. सरळ सांगतो, डाळच जुनी असंल. उन्हाळाभर दुकानात पत्र्याखाली तापलेली डाळ सात जन्मात शिजत नाही. बार्शीची नवी डाळ आणा बघू. पाण्याला कशाला नाव ठेवालाव?

साखरपेठ_मास्तर
जुन्या डाळीचं म्हणणं खोटं नाही. उष्ण आणि दमट जागी बरेच महिने राहिलेली डाळ, कडधान्य टणक होतं आणि मग ते कशानंच धड शिजत नाही. म्हणून भांडत बसण्यापेक्षा एकदा बघूनच टाका. कुकरला तीन डबे बसतात ना? तिन्हींत एकाच डब्यातली डाळ, सारख्या मापानं. पहिल्यात जारचं पाणी, दुसऱ्यात बोअरचं, तिसऱ्यात बोअरचं आणि चिंच. मीठ कशातच नको. एकाच वेळी लावा, म्हणजे आच, वेळ, रिंग, डाळ सगळं सारखं राहील. कुकरच्या तळाला कुठलंही पाणी चालेल. पहिल्या डब्यातलीही शिजली नाही, तर यात्री म्हणतात तसं डाळ जुनी.

शिट्टीबहाद्दर
पहिल्या शिट्टीनंतर बारीक गॅस, पंधरा मिनिटं. आणि वाफ आपोआप जिरू द्या, शिट्टी उचलू नका.

अक्कलकोट_नाका
मीठ आधी घातलं तरी डाळ अडते, तेही तपासा. चौथा डबा लावा.

साखरपेठ_मास्तर
मिठानं अडत नाही. उलट कडधान्य मिठाच्या पाण्यात भिजवलं तर सोडियम कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडतं. चिंचेचा अनुभव लोकांनी मिठावरही लावला आहे.

अक्कलकोट_नाका
माझ्या आईनं आयुष्यभर मीठ शेवटी घातलं, तिची डाळ लोण्यासारखी व्हायची. मला नाही पटत.

जुळे_सोलापूरची_ताई
तिची डाळ छानच होत असणार. पण तुमच्याकडे पाणी कुठलं होतं तेही सांगा ना.

पानोपानी
लावले तीन डबे. जारच्या पाण्यातली डाळ पळीनं हलवल्याबरोबर एकजीव झाली. बोअरच्या पाण्यातली बोटानं चेपली जाते, पण आत कणी आहे, घोटली तरी पाणी वर तरंगतं. बोअर आणि चिंचवाली जवळजवळ होती तशीच, दाणा न् दाणा वेगळा. म्हणजे डाळ जुनी नाही, रिंग ठीक आहे, आणि मास्तर आणि ताई दोघांचंही बरोबर आहे. पहिल्या डब्यातल्या डाळीत चिंचेचा कोळ, गूळ आणि मिरची घालून उकळी आणली. बाबा दोन वाट्या जेवले आणि पानावर पेन्सिलीनं खूण केली. ते प्रत्येक पाककृतीवर करतात. मास्तर, ताई, मनापासून आभार. बहादूरकाका, पंधरा मिनिटांचंही आता पुस्तकात लिहून ठेवलंय.
आता कडधान्यांचं. रोज जारचं पाणी स्वयंपाकाला परवडणार नाही. बोअरचं पाणी उकळून घेतलं तर?

साखरपेठ_मास्तर
थोडा फायदा होईल. बायकार्बोनेटचे क्षार उकळल्यावर तळाशी बसतात, किटलीतला थर तोच. निवळू द्या आणि वरचं पाणी ओतून घ्या, गाळ ढवळू नका. पण सल्फेट-क्लोराइडचा जडपणा उकळून जात नाही, त्यामुळे बोअरनुसार फरक पडेल.

जुळे_सोलापूरची_ताई
अरे, मालकांना सांगून हौदातलं गोडं पाणी दोन घागरी वर आण. डाळ भिजवायला आणि शिजवायला तेवढं पुरतं. कणीक, भाजी, भात बोअरवर चालव. मी या गावात आले तेव्हा सासूबाईंनी पहिली गोष्ट हीच सांगितली, डाळीची घागर वेगळी. भिजवायचं पाणीही गोडंच घे हं, बोअरच्या पाण्यात रात्रभर भिजवलेली मटकी साल सोडत नाही. तूरडाळ तासभर भिजली तरी पुरे.

होटगी_रोड
घागर तिसऱ्या मजल्यावर चढवण्यापेक्षा सोडा बरा. ज्यांना रक्तदाब नाही त्यांच्यासाठी म्हणतोय.

कडक_भाकरी
गोड्या पाण्याची भाकरीही करून बघ. बोअरच्या पाण्याची भाकरी चवीला मचूळ लागते, असं माझं ठाम मत आहे.

अक्कलकोट_नाका
पण म्हणजे त्या पुस्तकानं पाणी जिन्नस म्हणून मोजायलाच हवं होतं. मी पहिल्यापासून तेच सांगतोय.

पानोपानी
हे मात्र पटलं. समासात लिहितो. मसूर उद्या गोड्या पाण्यात लावतो. त्यानंतरचं पान हरभऱ्याचं आहे, हरभरा, गूळ, ओलं खोबरं, वेलदोडा. मार्केट यार्डात नवा हरभरा कधी येतो?

गड्डा_यात्री
फेब्रुवारी-मार्चात. संक्रांतीची गड्ड्याची यात्रा झाली की महिन्याभरात यायला लागतो. आता मिळंल तो जुनाच असंल. रात्रभर भिजव आणि सकाळी ते पाणी टाकून दे.

जुळे_सोलापूरची_ताई
आणि गूळ हरभरा पूर्ण मऊ झाल्यावरच. गुळानंही दाणा आवळतो, पुस्तक काहीही म्हणो. बाबांना द्यायचा तर वाटून दे.