घरात एकवीस, पोटात बाविसावं : थंडीच्या सुट्ट्यांचे तुमचे अनुभव सांगा

नमस्कार. आम्ही वाईजवळच्या एका गावात राहतो. घर एकत्र आहे. आत्याबाई, मामंजी, तिघे भाऊ, आम्ही तिघी जावा आणि सात पोरं. त्यातल्या दोन मुली माझ्या, थोरली अकरा वर्षांची, धाकटी सहाची. मला सातवा महिना सुरू आहे आणि डॉक्टरांनी फेब्रुवारीच्या मध्याची तारीख दिली आहे.

आमच्या पोरांच्या मराठी शाळेला नाताळची एकच दिवस सुट्टी असते. पण पुण्यामुंबईच्या दोघी वन्सच्या पोरांना २५ डिसेंबरपासून नव्या वर्षापर्यंत सुट्टी मिळते, म्हणून दर वर्षी त्या आठवड्यात सगळा गोतावळा आमच्याकडे जमतो. एकवीस माणसं होतात. एक दिवस शेतात हुरडा, एक दिवस गुऱ्हाळावर काकवी आणि एक दिवस पसरणी घाट चढून पाचगणी-महाबळेश्वर, हे ठरलेलं. मला हा आठवडा वर्षात सगळ्यात जास्त आवडतो. म्हणूनच विचारते आहे.

धाकटीच्या वेळी मी याच दिवसांत पाच महिन्यांची होते आणि काही जाणवलं नव्हतं. या वेळी कंबर धरते, रात्री झोप नाही, हिमोग्लोबिनही कमी आलं आहे. स्वयंपाकघरातून बाजूला बसले तर जावांवर सगळा भार पडतो, आणि त्या एका शब्दानं बोलणार नाहीत हे माहीत असल्यामुळे जास्तच अवघड होतं. घाटाचं काय करावं कळत नाही. आणि खरी काळजी धाकटीची. कुणीतरी गमतीत तिला म्हणालं, "बाळ आलं की तुला आत्याकडं पुण्याला ठेवणार." तेव्हापासून ती माझा पदर सोडत नाही.

ज्यांनी भरल्या घरात, आधीची लेकरं सांभाळत असे दिवस काढलेत त्यांनी लिहा. पुरुषांनीही लिहा. आजीलोकांनी तर जरूर लिहा.

विट्याची सून

आमच्या खानापूर-आटपाडी भागातली कितीतरी घरं गलाईच्या धंद्यानं, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामानं, देशभर पांगली आहेत. आम्ही तमिळनाडूत असतो. वर्षातून एकदा गावाकडं येणं होतं, आणि चौथ्याच्या वेळी ते येणं नेमकं माझ्या सातव्या महिन्यात, डिसेंबरात आलं. तीन पोरं, पाच बॅगा, दोन गाड्या बदलून मिरज. यायचं नाही असं माझ्या मनात एकदाही आलं नाही. पोरांना आजा-आजी वर्षात तेवढीच दिसतात.

खालचा बर्थ आधीच घेतला होता. सोनोग्राफी आणि रक्ताच्या रिपोर्टच्या दोन-दोन झेरॉक्स काढल्या, एक संच माझ्या पिशवीत, एक कारभाऱ्यांच्या. गावी आल्यावर तिसऱ्याच दिवशी विट्यात एका डॉक्टरीणबाईंना दाखवून नाव घालून ठेवलं. हे मात्र प्रत्येकीनं करावं. रात्री दोन वाजता अनोळखी दवाखान्याच्या दारात उभं राहून "पहिल्यापासून सांगा" हे ऐकायची वेळ येऊ नये.

आणि ती वेळ माझ्यावर आलीच. हुरड्याच्या दिवशी आम्ही सकाळी नऊला शेतात गेलो ते संध्याकाळी सहाला परतलो. शेतात बायकांना जायला जागा नाही, म्हणून मी सकाळपासून पाणीच प्यायले नाही. आपण सगळ्या हेच करतो, लहानपणापासून करत आलोय. रात्री पोट दर दहा मिनिटांनी दगडासारखं घट्ट व्हायला लागलं. मला वाटलं, झालं, सातव्यातच बाळंत होणार. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सलाईन लावलं. अंगातलं पाणी कमी झालं होतं आणि लघवीत जंतुसंसर्गही होता. दोन दिवसांत बरं वाटलं, पण त्या रात्री मोठा मुलगा दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिला होता, घरी जायला तयार नव्हता. ते आठवलं की अजून गलबलतं.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी गड्याला सांगून विहिरीजवळ चार मेढी रोवून साड्यांचा आडोसा करून घेतला. "माझ्या चार बाळंतपणांत हे कुणाला सुचलं नाही, मलाबी न्हाई," एवढंच म्हणाल्या. त्या वर्षी सगळ्याच बायका शेतात पोटभर पाणी प्यायल्या. ताई, तुमच्याकडं हुरड्याला जाणार असाल तर आगटी पेटायच्या आधी हे बघा.

स्वयंपाकाचं म्हणाल तर मी बसून करायची कामं मागून घेतली. तीळ निवडणं, शेंगा फोडणं, लसूण सोलणं, पोरांच्या वेण्या. भाकरी थापायला उकिडवं बसणं आणि चुलीचा धूर, दोन्ही जावांनी स्वतःहून घेतलं. सोप्यात उन्हाला बाजलं टाकून दिलं होतं. माझा मोठा रोज माझ्या चपला लपवायचा, मी कुठं जाऊ नये म्हणून.

कराडहून

पसरणी घाटाबद्दल एवढंच. आम्ही आठव्यात गेलो होतो, मी पुढच्या सीटवर होते. पट्ट्याचा खालचा भाग पोटाच्या खालून, मांड्यांवरून घ्यायचा आणि वरचा छातीच्या मधून, पोटावर पट्टा नको. वळणांचा त्रास झाला नाही, झाला तो नाताळच्या गर्दीचा. घाटात गाड्यांची रांग लागली आणि दोन तास गाडीतच पाय लोंबकळत बसले, पावलं सुजून चपलेत मावेनात. जायचंच असेल तर पहाटे निघा, किंवा नव्या वर्षाची गर्दी ओसरल्यावर एखाद्या मंगळवारी जा. स्ट्रॉबेरी तेव्हाही असते, उलट जास्त गोड असते.

हरिपूरची आजी (नात टाइप करते आहे)

मला सहा. पाच जगली. चौथी पौषातली. तेव्हा सुट्टी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण थंडीत नणंदा माहेरपणाला यायच्या आणि घर भरायचं. आमच्याकडं हळद. काढणी, शिजवणी सगळी त्याच दिवसांत सुरू व्हायची. दिवस भरत आले तरी मी हळद शिजवायच्या कढईपाशी उभी असायची. कुणी बळजबरी केली न्हाई, पण कुणी बस असंही म्हणालं न्हाई. मी मरमर केली म्हणून माझ्या सुनांनी करावी असं मला कधीच वाटलं न्हाई. उलट वाटतं, आपल्यापाशी थांबलं पाहिजे हे.

तुझ्या धाकटीला रात्री तुझ्याच वाकळंत झोपू दे. माझी सासू कडक होती, पण एक गोष्ट तिनं चांगली केली. बाळंत व्हायच्या आधी दोन महिने ती माझ्या लहानग्याला रोज रात्री गोष्ट सांगायला आपल्याजवळ घ्यायची आणि झोप लागली की परत माझ्याजवळ आणून ठेवायची. हळूहळू ते पोर तिच्याकडंच झोपायला लागलं. त्याला कुणी हाकललं न्हाई, ते आपल्या पायानं गेलं. बाळंतिणीच्या खोलीत मी गेले तेव्हा त्यानं आकांत केला न्हाई.

तिळाचं विचारतात सगळ्या. आम्ही पोटुशीला तीळ उष्ण म्हणून देत नव्हतो. नातसुनेच्या डॉक्टरांनी सांगितलं, संक्रांतीचे एक-दोन लाडू खाल्ले तर काही होत नाही. भोगीची भाजी आणि बाजरीची भाकरी तर खावीच. डिंकाचे नि अळिवाचे लाडू बाळंतपणानंतरचे, ते आत्ता कुणी प्रेमानं डबा दिला तर ठेवून दे.

सांगलीतून, तिसऱ्याची आई

मी खासगी कंपनीत हिशेबाचं काम करते. तिसऱ्याच्या वेळी कळलं की २०१७च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, पण दोन मुलं असताना पुढच्या वेळी १२ आठवडेच, आणि त्यातले जास्तीत जास्त सहा आधी घेता येतात. तिसऱ्या तान्ह्यालाही तितकाच वेळ लागतो. म्हणून मी सगळी रजा नंतरसाठी ठेवली आणि डिसेंबरची वर्षअखेरीची कामं करत, संध्याकाळी भरल्या घरात येत होते. नोकरी करणाऱ्यांनी हा हिशेब आधीच करावा.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण एक प्रश्न तुम्हालाही येत असणार. दोन मुलींवर तिसरं म्हटलं की लोक विचारतात, "मुलासाठी का?" आणि मग आवाज खाली करून, "काही कळलं का?" एका लांबच्या नातेवाइकांनी जेवणाच्या पंगतीत, माझ्या दोन्ही मुली वाढत असताना विचारलं. माझ्या नवऱ्यानं ताटावरून मान वर करून शांतपणे सांगितलं की गर्भाचं लिंग तपासणं आणि सांगणं १९९४च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि आम्हाला तिसरं मूल हवं होतं, बस. पंगत गप्प झाली. थोरली रात्री मला म्हणाली, "आई, मला वाटलं आम्ही पुरत नाही तुम्हाला." नऊ वर्षांची पोर हे किती दिवस मनात घेऊन फिरत होती. तुमच्या अकरा वर्षांच्या लेकीशी एकदा निवांत बोला. धाकटीची भीती पदर धरून दिसते, थोरलीची दिसत नाही.

माझं डोहाळजेवण पहिल्या वेळीच झालेलं. तिसऱ्याला कोण करतं? पण ३१ डिसेंबरला दोघी बहिणी आणि त्यांच्या सगळ्या आते-मामे भावंडांनी मिळून गच्चीवर केलं. शेवंतीची वेणी, चुरमुऱ्यांचा चिवडा, भडंग, पेढा आणि बर्फीची वाटी झाकून ठेवलेली. मी जी वाटी उघडली तिच्यात त्यांनी पेढा आणि बर्फी दोन्ही ठेवले होते. दोन्ही वाट्यांत तेच.

कराड तालुक्यातील आशाताई

माझा अनुभव माझ्या घरचा नाही, तरी लिहिते. तुम्ही ज्याला सुट्टीचे दिवस म्हणता तोच उसाच्या गळिताचा हंगाम. आमच्या शिवारात दिवाळीच्या आगेमागे बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत कोप्यांत, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांत, राहतात. गेल्या हंगामात एका कोपीत तीन लेकरांची आई होती, चौथा आठव्या महिन्यात. पहाटे चारला फडावर, डोक्यावर मोळी. उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे, फेडायची असते आणि कोयता नवरा-बायकोचा मिळून धरतात, एक बसला तर दोघांची मजुरी जाते.

तिची गावाकडची नोंद होती, कार्ड तिकडंच राहिलं होतं. ९ तारखेला आरोग्य केंद्रात गरोदर मातांची मोफत तपासणी असते, तिथं मी तिला नेलं. रक्त फार कमी भरलं. लोहाची गोळी ती चहाबरोबर आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर एकदमच घ्यायची. दोन्ही वेगवेगळ्या वेळी घ्यायच्या आणि लोहाची चहासोबत नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तुमच्यापैकीही बऱ्याच जणी असंच करत असतील, बघा. सुपरवायझर नर्सताईंनी मुकादमाशी बोलून तिला मोळी वाहण्याऐवजी वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, बांधायचं काम लावून घेतलं. मी तिच्या थोरलीकडून रुग्णवाहिकेचा १०२ नंबर पाठ करून घेतला, कारण तिन्ही पोरांत फोन लावता येणारी तीच.

नाताळच्या दिवशी गावातल्या एका घरची मंडळी हुरड्याला जाताना कोपीपाशी थांबली आणि त्या घरच्या सूनबाईंनी, त्याही गरोदर होत्या, तिला दुपारी आपल्या ओट्यावर बोलावून घेतलं. दोघी तासभर पाय लांब करून बसल्या. बाळ जानेवारीत आरोग्य केंद्रात झालं. दोन किलो सातशे ग्रॅम. चौदाव्या दिवशी ती परत फडाच्या बांधावर होती, बाळ झोळीत. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

माणदेशातून, चार पोरांचा बाप

पुरुषांनी लिहा म्हणालात म्हणून लिहितो. चौथ्या वेळी बायकोनं सांगितलं, "मला मदत नको, सकाळचे दोन तास पाहिजेत." तेव्हा घरात सोळा माणसं होती. मी रोज सात ते नऊ सगळी पोरं, माझी आणि भावांची मिळून नऊ, रानात घेऊन जायचो. मेंढरं दाखवायची, बोरं वेचायची, थंडीत शेकोटी. ती तेवढा वेळ झोपायची. अठ्ठावीस आठवड्यांनंतर बाळाच्या हालचालींकडं लक्ष ठेवा असं डॉक्टर म्हणाले होते. ती ते त्याच दोन तासांत करायची, डाव्या कुशीवर पडून. एरवी घरातल्या गलक्यात कळायचंच नाही म्हणायची. दुसरं काही मी केलं असं नाही.

पुन्हा मी, वाईहून (संक्रांतीनंतर)

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. जावांना मोठ्यानं वाचून दाखवलं. शेतात आडोसा झाला, पाण्याची कळशी भरून ठेवली. पाचगणीला मी गेले नाही, बाकीचे गेले. त्या दिवशी आत्याबाई आणि मी दोघीच घरी होतो. लग्नाला तेरा वर्षं झाली, पण इतक्या वेळ आम्ही दोघी कधी बोललो नव्हतो. त्यांचंही एक बाळ गेलं होतं, हे मला त्या दुपारी कळलं.

हरिपूरच्या आजींचं ऐकून मामंजींनी धाकटीला गोष्टी सांगायला सुरुवात केली. अजून ती मधेच उठून येते, पण येताना रडत नाही. थोरलीशी बोलले. ती आधी काही नाही म्हणाली. मग दुसऱ्या दिवशी भांडी घासताना विचारलं, "बाळाचं नाव मी ठेवू का?"

काल धाकट्या जावेच्या मुलाचं बोरन्हाण झालं. मी ओट्यावर खुर्चीत बसून होते. बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे डोक्यावरून सांडले तशी सगळी पोरं तुटून पडली. धाकटी फ्रॉकची ओटी भरून धावत आली. दोन बोरं तिनं माझ्या हातात दिली, एक मोठं, एक लहान, आणि लहान कुणाचं ते पोटाकडं बोट करून सांगितलं.