फोटो मांगून काढजो, पहिले जेवी ले : खान्देशातल्या फोटोवाल्यांचे अनुभव

तुळशीचं लग्न लागलं की आपली धावपळ सुरू होते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती टिपेला जाते आणि आषाढ लागला की आपण दुकानात बसून अल्बमची पानं लावत राहतो. ही पानं लावतानाच लक्षात येतं की गिऱ्हाईकाने सांगितलेल्या यादीत नसलेलेच फोटो जास्त आठवतात. त्यांच्याबद्दल लिहा. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठलेही असा. कोणता कॅमेरा, कोणती लेन्स ही चर्चा इथे नको, ती आपण एरवी करतोच. नवरा-नवरीची नावं आणि त्यांचं गाव मात्र लिहू नका.

सुरुवात माझ्यापासून.

एरंडोल तालुका

लग्न दुपारचं होतं, पण मी पहाटेच पोचलो. मे महिन्यात आठनंतर ड्रोन उडवला तर गाव पांढरंफटक येतं. सगळे झोपलेले, जाग होती ती फक्त मांडवामागे. गव्हाच्या जाडसर पिठाच्या बट्ट्या उकळत्या पाण्यातून काढून परातीत ओतत होते. दोघे जण त्यांचे तुकडे पाडत होते आणि एक आबा कढईपाशी उकिडवे बसून तळत होते. बाजूच्या चुलीवर वांग्याची भाजी घोटणं चाललेलं. चुलीचा उजेड खालून येतो, त्यात हनुवटी आणि भुवया उजळतात आणि कपाळ अंधारात राहतं. मी कॅमेरा वर केला तर आबा मान वर न करता म्हणाले, "फोटो मांगून काढजो, पहिले जेवी ले." म्हणजे फोटो नंतर काढ, आधी जेव. आणि नुकतीच तळलेली बट्टी, वर तुपाची धार, हातात दिली. मंडपवाले, लाईटवाले, बँडवाले, ज्याला त्याला ते असंच खाऊ घालत होते. स्वतः आचारी पंगतीत बसलेला मी अजून पाहिलेला नाही.

गिऱ्हाईकाने व्हिडिओतून चुलीचा तुकडा काढायला लावला. "एवढा खर्च केला, अन् तुम्ही चूल काय दाखवता?" बरोबर आहे, पैसे त्यांचे. प्रिंट मी आबांना दिली. त्यांनी ती उन्हात धरून बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "बट्टी जरा लाल व्हयेल शे."

धुळे

उन्हाबद्दल लिहायलाच हवं, नाहीतर खान्देशातलं लग्न पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळणार नाही. पारा पंचेचाळिसाकडे गेलेला असतो आणि मुहूर्त भर दुपारचा. फ्लॅश तापून बंद पडतो, ड्रोन इशारा देऊन खाली उतरतो. तिसरी कटकट मांडवाच्या कापडाची. लाल-गुलाबी कापडातून ऊन झिरपतं आणि सगळं वऱ्हाड गुलाबी दिसतं. हळद लागलेली नवरी तर थेट केशरी होते. यावर उपाय एकच. मंडपवाल्याशी आधीच बोलून स्टेजच्या वर पांढरं कापड लावून घ्यायचं. हे मी प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगतो, पण ऐकणारे थोडे.

मला आठवतो तो बँडवाला. जाड लाल कोट, सोनेरी झालर, गळ्यापर्यंत बटणं. नवरदेव घोड्यावर, त्याच्यावर छत्री. बँडवर छत्री कोण धरणार! मारुतीच्या देवळापाशी वरात थांबली तेव्हा तो सावलीत आला आणि ट्रम्पेटला ओलं फडकं गुंडाळलं. पितळ इतकं तापलेलं की बोटं टेकवत नव्हती. तोंडात धरायचा भाग त्याने काढून खिशात ठेवला होता, ओठ भाजू नयेत म्हणून. "जिभाऊ, कोट काढ ना घडीभर," मी म्हटलं. तर म्हणाला, "मालक पैसे कापी." फोटो काढू का विचारलं तेव्हा मात्र त्याने उघडलेलं वरचं बटण लावलं, टोपी सरळ केली आणि छाती काढून उभा राहिला.

अमळनेर, महिला फोटोग्राफर

मला काम मिळतं ते बऱ्याचदा आतल्या खोलीसाठी. बाहेरचं पुरुष फोटोग्राफर पाहतात, हळदीच्या आदल्या रात्रीचं बायकांचं मला सांगतात. गाणी अहिराणीत, आणि त्यात विहिणीची आणि याह्याची, म्हणजे व्याह्याची, अशी काही धुलाई असते की इथे लिहिता येणार नाही. व्हिडिओचा दिवा लावला की गाणं थांबतं, पदर डोक्यावर येतात आणि सगळ्या एकदम सुसंस्कृत होतात. म्हणून मी दिवा लावतच नाही. रेकॉर्डर धान्याच्या कोठीवर ठेवते, सगळ्यांना दाखवून, आणि फोटो खोलीतल्या पिवळ्या बल्बवर काढते. दाणेदार येतात, येऊ देत.

अशाच एका रात्री एक आजी मला ओढून परसात घेऊन गेल्या. "मना एखलीना काढ." का, विचारलं. "नहीतं पोरे मांगून ग्रुपमाईन मनं मुंडकं कापी काढतीन." अगदी खरं बोलल्या. आमच्या भागात भिंतीवर हार घातलेले निम्मे फोटो कुणाच्या तरी लग्नातले असतात. शेजारच्या माणसाचा खांदा घासून काढलेला, मागे मांडवाच्या झालरीचा तुकडा राहिलेला. आजींनी चष्मा काढला, परत घातला, नथ नीट केली. मग म्हणाल्या, हसू का नको? मी म्हटलं, तुमच्या भिंतीवर लागणार आहे, तुम्हीच ठरवा. त्या हसल्या.

चाळीसगाव

थोडं विषयांतर. आपल्याकडे प्री-वेडिंगसाठी पाटणादेवीला जोडप्यांची रांग लागते. येताना मी त्यांना आमच्या स्टेशनजवळच्या, फोटोग्राफर केकी मूस यांच्या घरी घेऊन जातो, तिथे आता संग्रहालय आहे. नवरदेव कंटाळतो, नवरी बहुधा थांबून पाहते. मूस यांचा जन्म १९१२ चा, मुंबईचा. आयुष्य काढलं चाळीसगावात, जवळजवळ घरातच, आणि १९८९ मध्ये गेले. टेबलावर चार वस्तू मांडून, त्यावर उजेड-सावली खेळवून ते मोठा निसर्ग उभा करायचे. खरा डोंगर वाटावा असा.

ते प्रेयसीची वाट पाहत रेल्वेकडे डोळे लावून बसायचे, ही गोष्ट गावात कुणीही सांगेल. लोकांना तीच आवडते. मला विचाराल तर त्या गोष्टीने त्यांच्या कामावर अन्यायच झाला. माणूस इतकी वर्षं उजेडाशी खेळत बसला आणि आपण विचारतो, ती आली का?

आपण मात्र एका दिवसात दोन तालुके करतो आणि घरी येऊन म्हणतो, वेगळा अँगल सापडत नाही.

शहादा

धडगाव, अक्कलकुव्याकडची लग्नं करतो म्हणून लिहितो. होळीच्या आधीचा भोंगऱ्या बाजार आणि काठी गावची राजवाडी होळी आता सगळ्यांना माहीत झाली आहे. मोरपिसांचे टोप घातलेले, अंगावर राखेचे ठिपके काढलेले, कमरेला घुंगरं आणि वाळलेले भोपळे बांधलेले नाचणारे दिसले की बाहेरून आलेले कॅमेरेवाले तुटून पडतात. ही माणसं व्रतात असतात, काही दिवसांचे कडक नियम पाळून तिथे पोचलेली असतात. त्यांच्या तोंडासमोर लेन्स धरून "इकडे बघ, इकडे बघ" ओरडणं मी ऐकलंय. लाज वाटते.

एका पावरा आदिवासी बाईने मला सुनावलं होतं, तुम्ही लोक नेता, आणत काहीच नाही. तेव्हापासून मी गेल्या होळीचे प्रिंट पिशवीत घालून पुढच्या बाजाराला जातो. माणूस शोधायचं काम माझ्यावर पडत नाही. एक प्रिंट वर धरला की चार जण सांगतात हा कुठल्या पाड्यावरचा, आणि अर्ध्या तासात तो समोर उभा राहतो. गेल्या वर्षी नाचणारा पोरगा या वर्षी बायकोला घेऊन आलेला असतो आणि मग तिचाही फोटो काढावा लागतो.

लग्नातही फरक आहे. तिथे देज मुलाकडचे देतात, मुलीच्या बापाला. आपल्या गावात हे सांगितलं की लोक हसतात. हुंडा देऊन कर्जात गेलेल्याने हसावं, याचं मला नवल वाटतं.

नंदुरबार

थोडक्यात लिहितो. ऑर्डर घेताना मी मुलीची जन्मतारीख विचारतो. कुणी म्हणतं फोटोवाल्याला काय करायचंय. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात लग्न लावणाऱ्या आणि त्याला मदत करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. अठरा पूर्ण नसतील तर मी जात नाही. आखाजीच्या सुमारास दोन-चार ऑर्डरी जातात. जाऊ द्या.

भुसावळ, आता दुकान मुलाकडे

आमच्या वेळी रोल छत्तीसचा. दोन रोल लग्नाला, त्यात दोन्ही घरं बसवायची. मुलाकडचे किती आणि मुलीकडचे किती, यावरून याह्यांची भांडणं मी पाहिली. नवरदेवाचे मामा तर प्रत्येक ग्रुपमध्ये यायचे. मग मी नुसताच फ्लॅश मारायचो. मामा खुश, रोल शाबूत.

प्रवासाचं म्हणाल तर सुरत. खान्देशातली निम्मी गावं तिकडे मिलमध्ये कामाला गेली, उधना-लिंबायतला गेलं की अहिराणीच कानावर पडते. लग्न मात्र गावी. मे महिन्यात सुरतेकडून भुसावळला येणाऱ्या गाडीत वऱ्हाडच वऱ्हाड. रुखवताची टोपली वरच्या फळीवर, मुंडावळ्यांची पुडी कुणाच्या तरी मांडीवर, आणि नवरदेव दारात पेपर अंथरून बसलेला. स्टेजवर राजा दिसायचा तोच. दारातला फोटो काढायला रोल शिल्लक ठेवायचो. विकत कुणी घेत नव्हतं.

पाचोरा

२०२१ चा एप्रिल, कोरोनाचा काळ. पंचवीस माणसं, दोन तास, असा नियम. मी धरून पंचवीस की सोडून, यावर मुलीचे काका माझ्याशी वाद घालत होते. शेवटी एका चुलत्याला बाहेर ट्रॅक्टरवर बसवलं आणि मला आत घेतलं. चुलत्याचं तोंड अजून माझ्याशी वाकडं आहे.

पारोळा

सगळ्यांनी छान लिहिलं. पण पैशाचं कुणीच काढलं नाही, म्हणून मी काढतो. माझ्या दुकानात न नेलेल्या अल्बमचं एक कपाट आहे. जाड पानांचे करिझ्मा अल्बम, वर दोघांचा फोटो, आतली पानं नवी करकरीत. फोन केला की "कापूस विकला का येतो". कापूस विकला जातो, बी-बियाणं येतं, पोरगं होतं, त्याच्या बारशाची ऑर्डर घेऊन तेच लोक येतात आणि अल्बम तिथेच. फेकता येत नाही, विकता येत नाही. एका नवरीचे वडील एकदा आले, कपाटातला अल्बम उघडून उभ्याने पूर्ण पाहिला आणि परत जागेवर ठेवून गेले.

आता माझा नियम असा, हळदीच्या आधी पूर्ण पैसे. पटत असेल तर तारीख घ्या, नाहीतर बाजारपेठेत अजून चार दुकानं आहेत.