मदत हवी आहे: लाइव्हमध्ये अँकर आणि मी एकमेकांवर बोलतो

नमस्कार मंडळी. मी सोलापुरातून एका वाहिनीसाठी फील्ड रिपोर्टिंग करतो. बॅकपॅकमध्ये चार-पाच सिमकार्ड, त्यावरून लाइव्ह. एरवी जमतं, पण गड्ड्याच्या यात्रेत (सिद्धेश्वरांची यात्रा) अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्याजवळ एवढी गर्दी होते की नेटवर्क बसतंच.

डिले, म्हणजे चित्र स्टुडिओत पोहोचायला ठेवलेला उशीर, दीड सेकंदावर ठेवला की चित्र फुटतं. चार सेकंद केला की चित्र स्वच्छ येतं, पण अँकरचा प्रश्न संपल्यावर मी नुसता मान हलवत उभा दिसतो. त्यांना वाटतं ऐकू आलं नाही, ते पुन्हा विचारतात आणि तेवढ्यात माझं उत्तर सुरू होतं. नंदीध्वज समोरून जात असताना असा गोंधळ झाला की फार वाईट वाटतं, लोक वर्षभर त्या क्षणाची वाट बघतात.

ओबी व्हॅन (उपग्रहावरून लाइव्ह पाठवणारी गाडी) मिळाली तर उपग्रह ३६,००० किमीवर असूनही सिग्नलला एका खेपेला साधारण पाव सेकंदच लागतो, बाकी वेळ एन्कोडिंगचा, म्हणजे चित्र-आवाज पाठवण्याजोगा करण्याचा. पण व्हॅन क्वचितच मिळते.

इअरपीसमध्ये कधी माझाच आवाज परत येतो, तेव्हा तर वाक्यच तुटतं. पीसीआरला (स्टुडिओच्या कंट्रोल रूमला) मिक्स-मायनस, म्हणजे माझा आवाज वगळून बाकीचा आवाज, द्यायला नेमकं कसं सांगता? टॉकबॅक (स्टुडिओतून माझ्या कानात येणारा आवाज) साध्या फोन कॉलवर घेतलेला बरा का? गर्दीत डिले किती ठेवता? जानेवारीच्या आधी सराव करायचा आहे.